किल्ली आधी वहिनींच्या हातात

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
चंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहावं तर आधी तुझी सून वाचते, मग तुझा मुलगा वाचतो आणि उरलंसुरलं तुला कळतं. घरच्या ग्रुपवर टाकण्यासारखा हा विषय नाही, कारण तिथे वहिनी आणि त्यांचा सुबोध दोघंही आहेत. म्हणून म्हटलं, आपलं जुनं साधन काढावं. माझं अक्षर तुला अजून लागतं ना?

बातमी अशी, की दादाची फियाट माझ्याकडे आली. घाटकोपरची त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. वहिनी आणि सुबोध तिथेच जवळ भाड्याच्या जागेत जायच्या तयारीत आहेत. गाडी कंपाउंडमधल्या बदामाखाली वर्षानुवर्षं उभीच होती, दादा आजारी पडायच्या आधीपासून. सुबोध भंगारवाल्याला बोलवायला निघाला होता. मी मागितली, तर काका, न्या की, तेवढीच माझी कटकट गेली, असं म्हणाला. वहिनी तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी तो होकारच धरला.

गाडीची पार वाट लागली आहे. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. डाव्या दाराचा पत्रा बोट लावलं तरी पापडासारखा तुटतो. रुक्मिणीने गाडी बघितली आणि घरात एक म्हातारा होता तो पुरे नव्हता का, असं विचारून आत निघून गेली.

दादा गेला, आता त्याच्याबद्दल वाकडं बोलू नये. पण तुला ठाऊक आहे. त्याने गाडी घेतली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, नुकतं लायसन काढलेलं. त्याने एकदाही किल्ली माझ्या हातात दिली नाही. गणपतीला तुम्ही सगळे गाडीने गावी जायचात आणि मी एसटीने. जागा असायची गं मागे. पण मी बसलो तर वाटेत चालवायला मागीन, ही त्याची धास्ती. त्या घरातून माझ्याकडे आलेली ही पहिली वस्तू आहे. ती चालती करायची आणि रुक्मिणीला शेजारी बसवून एकदा गावी न्यायची. हट्ट म्हण हवं तर.

गाडीचे कागद अजून दादाच्या नावावर आहेत. ते आधी सुबोधच्या नावावर होतील, मग माझ्या. आत्ताच विषय काढू का? तू सांगशील तसं करीन.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
तुझा,
चंदू

बोरिवली (पश्चिम),
२१ जानेवारी २०२५

चि. चंदूस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर लागलं. कोंबडीचे पाय शाळेत होते तसेच आहेत. पत्र आलं तेव्हा सूनबाईला, रुचिराला वाटलं, सोसायटीची नोटीसच आली. तिला मी पाकीट उघडू दिलं नाही, त्यामुळे सध्या माझा भाव वाढला आहे.

गाडी घेतलीस ते बरं केलंस. निवृत्त झाल्यापासून तू खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षांना नावं ठेवतोस, असं रुक्मिणी सांगत होती. निदान आता हाताला काम लागेल. मात्र कंबर सांभाळ. गाडीखाली शिरशील आणि बाहेर काढायला चार माणसं बोलवावी लागतील.

कागदांचं म्हणशील तर आत्ता मुळीच बोलू नकोस. दादाला जाऊन वर्षही झालेलं नाही. बापाचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत काका कागद मागत आला, हे चांगलं दिसत नाही. वहिनी मनात धरतील. आपल्या भावंडांत आजवर कशावर सह्या झाल्या आहेत? सुबोधने तोंडाने दिली ना, मग दिली. दादा तुझ्याशी वागला ते मी विसरलेले नाही, पण त्याचं ओझं पोरावर टाकू नकोस.

रुक्मिणीला आशीर्वाद. दोघं एकमेकांना जपा.
तुझी,
ताई

मुलुंड (पूर्व),
१८ मे २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझी नखं बघितलीस तर जेवायला वाढणार नाहीस, इतकी ती काळी झाली आहेत.

इंजिन भांडुपला धोंडिरामच्या गॅरेजमध्ये उतरवून ठेवलं आहे. धोंडिराम हा माणूस एक काम करतो आणि दहा वेळा बडबडतो, पण फियाट म्हटली की अजून हात लावायला तयार असतो. बाकी सगळं मी करतोय. कांजूरच्या कंपनीत इतकी वर्षं फिटर होतो ते उगाच नाही. तळाचा गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा बसवला, दारांची रबरं कुर्ल्याच्या भंगार बाजारात धुंडाळून आणली. सोसायटीचे सेक्रेटरी रोज येऊन हे किती दिवस चालणार म्हणून विचारतात. परवा त्यांनाच पाना धरायला लावला. तेव्हापासून येत नाहीत.

रुक्मिणीला लाल रंग हवा होता. मी दादाचा होता तोच मोतिया ठेवला. आधी हसली, पण आता सीटची कव्हरं तीच शिवते आहे. संध्याकाळी आम्ही दोघं त्या इंजिन नसलेल्या गाडीत बसून चहा पितो. एवढं बोलणं आमचं लग्नानंतर पहिल्यांदाच होत असेल.

एक गोष्ट मनाला लागली. सुबोध एकदा बघायला आला, फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, की बाबांची गाडी पुन्हा उभी करतोय. तूही पाहिलं असशील. सगळ्यांनी पोराचं कौतुक केलं, की बापाची आठवण कशी जपतो. वहिनींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. माझं नाव कुठेच नाही. रुक्मिणी म्हणाली, तिथेच लिहा. मी लिहिलं नाही. पोर आहे, लिहिण्याच्या भरात राहून गेलं असेल.

तुझं कान तपासण्याचं काय झालं? ते कानाचं मशीन पेटीत ठेवायला घेतलेलं नाही. तुझा राग चालेल, अबोला नको.
तुझा,
चंदू

बोरिवली (पश्चिम),
१६ सप्टेंबर २०२५

चि. चंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं आणि मागाहून पत्रही. अख्ख्या कार्डावर दोनच शब्द, चालू झाली! पोस्टमन माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. देवापुढे साखर ठेवली आणि मग ती मीच खाल्ली.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. त्या दिवशी तू सुबोधला बाजूला घेऊन विचारलंस, ते मी बघत होते. त्याने गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे आणि पुढचं दसऱ्यानंतर बघू म्हणाला, हे तू लिहिलंस. म्हणजे अर्धं काम झालं. आता घाई करू नकोस.

पूजा झाल्याशिवाय स्टिअरिंगला बसणार नाही, असं तू धरून बसला आहेस आणि तोवर धोंडिरामच फेऱ्या मारतोय, हे वाचून हसू आलं. तुझं असलं सोवळं मला नवीन आहे. पण चांगलं आहे. दसऱ्याला सगळ्यांना बोलव. आणि एक लक्षात ठेव. आपल्याकडे घरात नवी वस्तू आली की ती आधी थोरल्या बाईच्या हातात देतात. ती कुंकू लावते आणि ज्याची त्याला परत देते. माझं शिलाई मशीन आलं तेव्हा त्याची किल्ली आधी आईच्या हातात दिली होती, मगच मी सुई ओवली. आता आई नाही, तेव्हा तो मान वहिनींचा. किल्ली आधी त्यांच्या हातात दे. चारचौघांत त्यांनी तुला ती परत दिली, की कागदाची सुद्धा गरज उरणार नाही.

माझे गुडघे मुलुंडचा जिना चढू देणार नाहीत. इथूनच अक्षता टाकते. सांभाळून चालव.
तुझी,
ताई

मुलुंड (पूर्व),
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ग्रुपवर फोटो पाहिले असशील. त्यात मी दिसत नाही. मी तोरण धरून उभा होतो, चाकाच्या बाजूला.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. गाडीला झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं, बोनेटवर रुक्मिणीने कुंकवाने स्वस्तिक काढलं. वहिनी नवी साडी नेसून आल्या होत्या. सुबोध, त्याची बायको ऋतिका, आमच्या बिल्डिंगमधली माणसं, धोंडिरामसुद्धा आंघोळ करून आला होता. मी किल्ली ताटात ठेवून वहिनींपुढे धरली, वाकून नमस्कार केला. त्यांनी किल्ली उचलली, हळदकुंकू लावलं, डोळ्यांना लावली. मी हात पुढे केला होता, ताई. सगळ्यांसमोर माझा हात पुढे होता. वहिनींनी मान वळवली आणि घे रे, तुझ्या बापाची गाडी, असं म्हणून किल्ली सुबोधला दिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत. मग मीही वाजवल्या.

तो बसला, शेजारी वहिनी, मागे ऋतिका. गिअर दोनदा करकरला. मला वाटलं, एक चक्कर मारून येतील. रुक्मिणीने पुरणपोळ्या केल्या होत्या. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. बऱ्याच वेळाने सुबोधचा मेसेज आला, की आई दमली म्हणून सरळ घाटकोपरला गेलो, गाडी इथेच पार्क केली आहे, थँक यू काका.

धोंडिराम मला चार शब्द बोलला, ते लिहीत नाही. आपली गाडी द्यायची आणि वर ताटात घालून द्यायची, असा त्याचा एकूण सूर होता. मी आल्यागेल्यांना पुरणपोळ्या वाढल्या.

मी तुझ्यावर रागावलो नाही. पण ते किल्लीचं तू सांगितलं नसतंस, तर मी केलं नसतं. तुझ्याशी खोटं बोलता येत नाही म्हणून लिहिलं. एवढ्यावर मला दूर करू नकोस.
तुझा,
चंदू

बोरिवली (पश्चिम),
१३ ऑक्टोबर २०२५

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून घाटकोपरला गेले, गुडघ्यांसकट. मुलाला देवळात जाते म्हणून सांगितलं.

वहिनींना सरळ विचारलं. ऐकू येत नाही त्याचा एक फायदा असतो, माणूस मोठ्याने बोलतो आणि समोरच्यालाही मोठ्याने बोलायला लावतो. त्या म्हणाल्या, की बापाची गाडी मुलाकडेच राहणार, त्यात विचारण्यासारखं काय. मी म्हटलं, चंदूने वर्ष घातलं तिच्यात. तर म्हणाल्या, भावजींना तेवढाच विरंगुळा झाला, घरात बसून काय केलं असतं. आणि माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. मी कान लावून ऐकलं, चंदू. चुकीचं ऐकलेलं नाही.

मी चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, दादासुद्धा असाच होता, पण तो निदान देतो म्हणून सांगत नव्हता. त्यावर त्या रडल्या. रडू देत.

तू लिहिलंस ते खरं आहे. मला वाटलं होतं, मान दिला की माणूस मानाने वागतो. आता एकच सांगते. पुन्हा त्या गाडीला हात लावू नकोस. बोलावलं तरी जाऊ नकोस.

रुक्मिणीच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझी,
ताई

मुलुंड (पूर्व),
२३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू जाऊ नकोस म्हणालीस आणि मी गेलो. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो.

सुबोधने गाडी विकली. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारे कोणी अंधेरीत आहेत, त्यांनी घेतली. नव्या बिल्डिंगमध्ये त्याला एकच पार्किंग मिळणार आहे आणि तिथे त्याची मोठी गाडी लागेल. मला फोन केला तो एवढ्यासाठीच, की स्टिअरिंगवरचे गिअर त्याला जमत नाहीत, दसऱ्यानंतर गाडी जागची हलली नाही, तर काका, तुम्ही अंधेरीला पोचवाल का. आवाज अगदी गोड होता. मी येतो म्हटलं. का म्हटलं, ते फोन ठेवल्यावर कळलं. मला ती चालवायची होती गं.

रुक्मिणीला म्हटलं, चल, शेजारी बस, पवईपर्यंत तरी. ती म्हणाली, लाज वाटते का तुम्हाला. ती आली नाही. तिने शिवलेली कव्हरं तेवढी सोबत होती.

ताई, गाडी काय चालली! पवईच्या चढाला जरासुद्धा कुरकुर नाही. तिसरा गिअर लोण्यासारखा पडत होता. सिग्नलला एक रिक्षावाला बघत राहिला आणि झकास म्हणाला. मी सुखात होतो. तुझ्यापासून कशाला लपवू, लाज सोडून सुखात होतो. जोगेश्वरीला हायवे लागला तेव्हा मनात आलं, उजवीकडे वळावं, सरळ बोरिवलीला यावं आणि तुझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवावा. पण तुला तो ऐकू आला नसता. मी डावीकडे वळलो.

त्यांच्या जागेत आठ-दहा गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या चकचकीत. मॅनेजर पोरगेलासा, मराठीच. बोनेट उघडून बघितलं आणि काम कोणी केलंय, फार सुंदर केलंय, असं विचारलं. मग म्हणाला, मालक येतील असं वाटलं होतं, त्यांच्यासोबत गाडीचा एक फोटो काढायचा होता. तुम्ही त्यांचे कोण?

मी त्याच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, की मी ड्रायव्हर.

मला तसं कोणी म्हटलं नव्हतं, ताई. माझं मीच म्हटलं.

मला आता कोणाशी बोलावंसं वाटत नाही. तू मात्र लिहीत राहा.
तुझा,
चंदू