बाबांच्या मशीनचं झाकण

ता. ५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नवऱ्याचा पुढचा एक दात माझ्याकडे आहे. टेबलाखाली सापडला. कागदात गुंडाळून ठेवलाय, हवा असेल तर त्याने स्वतः येऊन मागावा. मी त्याला मारलं हे तुला त्याच्या तोंडून कळलं असेलच. आता माझ्याकडून ऐक.

रविवारी आमची नेहमीची बैठक होती, घड्याळजींच्या गोदामात. तुझी वहिनी आम्हाला धूळवाले म्हणते ते खरंच आहे. जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायचे, उघडायचे आणि त्यांच्यावरून भांडायचं, एवढाच आमचा धर्म. मी बाबांचं मशीन नेलं होतं. त्याला शेवटी मूळ रूपात आणलंय. एका भंगारवाल्याकडे कारखान्यातलं अस्सल झाकण मिळालं, ते बसवलं आणि बाबांनी भोक पाडून विद्रूप केलेलं जुनं झाकण फेकून दिलं. सगळे हात फिरवून बघत होते. माझी छाती फुगली होती.

तेवढ्यात आमचे मेहुणे आले आणि त्यांच्या वर्कशॉपचं नवं मशीन टेबलावर ठेवलं. मी बघतच राहिलो. तोच ड्रम, तीच खांद्याची गोलाई, झाकणाची तीच खिटी. फक्त खिटी पातळ पत्र्याची, अंगठ्याने वाकते. चाकं अशी, की घरभर फिरवायच्या आत रडतील. आणि कहर म्हणजे बाबांनी पाडलेलं भोकसुद्धा जागच्या जागी, त्यात स्प्रिंगही तशीच. म्हणजे हा माणूस माझ्या घरी जेवायला येत होता आणि मी हात धुवायला गेलो की बाबांच्या मशीनची मापं घेत होता.

मी सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं. तो म्हणाला की आकार कुणाच्या बापाचा नसतो. बाप हा शब्द आला आणि माझ्या हातात स्टीलची नळी होती. पुढचं तुला माहीत आहे. घड्याळजींनी मला मागून धरलं नसतं तर दाताबरोबर जबडाही आला असता. मला जराही वाईट वाटत नाही, हे लपवून काय करू?

तुझ्या सासूबाईंची तब्येत कळव. तुझ्यावर राग नाही, तो असायचं कारणही नाही.

तुझा,
दादा


ता. ८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मेहुण्यांचा ओठ फुटलेल्या टोमॅटोसारखा झालाय. दोन टाके पडले. कांजी पितात आणि पिता पिता तुझ्या नावाने जे बोलतात ते या वयात माझ्या कानांना शोभत नाही. सासूबाई अंथरुणातून विचारतात की याला कुणी मारलं. मी सांगते, जिन्यावरून पडले. जिना बिचारा बोलत नाही म्हणून बरं.

दादा, तू लहानपणापासून असाच. माझ्या बाहुलीचा हात मोडला म्हणून शेजारच्या मुलाचं डोकं फोडलंस, आणि हात तर तुझ्याच पायाखाली येऊन मोडला होता. आधी हात उचलायचा, मग विचारायचं. तुमची ती बैठक म्हणजे म्हाताऱ्या बोकडांचा बाजार झालीय.

यांनीही काही कमी केलेलं नाही. काल वर्कशॉपमधला घण घेऊन बसले होते. त्याचा दांडा घट्ट करत होते. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले, कामासाठी. घण लागेल असं आमच्याकडे काहीच काम नसतं. मी तो लपवला आहे, पण घर लहान आहे.

तुला हात जोडून सांगते, त्यांना चोर म्हणू नकोस. का, ते मी सावकाश लिहीन. आई गेली, बाबा गेले. माहेर म्हणायला मला आता तूच आहेस. तुम्ही दोघं एकमेकांची डोकी फोडाल आणि मी मधे उभी राहून कुणाचं रक्त पुसू?

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १४ मार्च

सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तू घण नीट लपवला नाहीस.

बुधवारी दुपारी मी माझ्या दुकानामागे एक मोटर साफ करत होतो. पुढे आवाज झाला. धावत आलो तर तुझा नवरा फळीवरची मशीनं एकेक करून खाली ओढत होता आणि घण घालत होता. मी आयुष्यभर जमवलेली. ते हिरवं तांबड्या पट्ट्याचं, ते कापडी पिशवीवालं, सगळी. एनॅमलचे कपचे रस्त्यापर्यंत उडाले होते. मला बघूनही तो घाव घालतच राहिला. मी त्याच्या पाठीत स्टूल घातलं. तो पडला, उठला आणि माझा गळा धरला. आम्ही दोघं काचेच्या दारातून बाहेर पडलो. माझ्या कपाळाला आणि त्याच्या कोपराला काच लागली. लोकांनी ओढून काढलं. वहिनी तुझी रडते आहे आणि मला जेवण देत नाही.

बाबांचं मशीन वाचलं, कारण ते आत टेबलावर होतं.

आता निकाल लागेल. घड्याळजींनी दोघांना बोलावून ठरवलंय की रविवार, २४ तारखेला आमच्या पद्धतीने तोंडबंद होईल. तुला ठाऊक नसेल. दोन मशीनं शेजारी ठेवायची, दोघांनी आपापल्या पाइपचं तोंड डाव्या तळव्याने दाबून धरायचं, उजवा हात झाकणावर, आणि दोन्ही चालू करायची. हवा बंद, मोटर किंचाळते, तापते. ज्याचं आधी मरेल तो हरला. पातळ पत्रा आणि मूळ कारखान्यातलं काम, दोन्हींत फरक काय तो सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल.

त्याचं मशीन मेलं की त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, मी चोरी केली. तसं तो म्हणेपर्यंत मला बहीण नाही. हे रागात लिहितोय असं समजू नकोस. तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं आणि चौथ्यांदाही हेच लिहिलं.

दादा


ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बहीण नसलेल्या माणसाला पत्र कसं लिहायचं ते मला येत नाही, म्हणून नेहमीसारखंच लिहिते.

त्या नव्या मशीनचा आराखडा मी काढलाय.

यांनी नाही. यांना वर्तुळ काढता येत नाही, तुला ठाऊक आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी राहिले होते तेव्हा मी ते उघडलं, मापं घेतली, कागदावर उतरवलं. बाबा पलंगावरून सांगत होते की कुठला स्क्रू आधी. चोरी असेल तर त्यांच्या देखत आणि त्यांच्या मदतीने झालेली आहे. मी यांना सांगितलं होतं की माझं नाव काढू नका, तुमच्या टेबलाजवळ बाई आली की सगळे गप्प होतात. हे दात गेला तरी गप्प राहिले. तू ज्याला चोर म्हणून मारलंस, त्याने माझ्यासाठी मार खाल्ला. मला याचा राग येतो आणि तो तुझ्यावरच येतो.

खिटी पातळ आहे हे मला मान्य आहे. चाकांचंही खरं आहे. पण भोकाला हसू नकोस. तू नोकरीसाठी बाहेर होतास तेव्हा एकदा पाइपात मोजा अडकला होता. मशीन इतकं ओरडलं की आई स्वयंपाकघरातून पळाली. बाबांनी बंद करून उघडलं तर पंख्याला तडा गेला होता. त्यांनी मला समजावलं की हवा अडली की पंख्यावर भार राहत नाही, तो वेडा होऊन फिरतो. म्हणून त्यांनी झाकणाला भोक पाडून स्प्रिंगची झडप लावली. तोंड बंद झालं की झडप उघडते, बाहेरची हवा आत येते. ते विद्रूप केलेलं नव्हतं, दादा. पंखा त्यांनी बदललाच नाही, मिळत नव्हता. तडा गेलेलाच पंखा आत आहे आणि तू वरचं झाकण बदललंस.

तोंडबंद करू नकोस. माझं मशीन त्या झडपेमुळे तग धरेल. बाबांचं फुटेल. तू जिंकायचं ठरवलं असशील तर मी हरले असं समज, मी चोर आहे असं टेबलावर चढून सांग, पण झाकणावर हात ठेवू नकोस. यांना सांगितलं तर म्हणतात, मी सांगितलं तर तो मुद्दाम करील. म्हणून तुलाच लिहिते. सासूबाईंना एकटं टाकून येता येत नाही, नाहीतर पहिल्या गाडीने आले असते.

तुझी कोण ते तू ठरव. मी तर धाकटीच.


ता. २९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे अक्षर कुणाचं ते तू ओळखशील. मी सांगतोय आणि तुझा नवरा उतरवतोय. शिव्याही लिही म्हटलं, तर म्हणतो, कागद पुरणार नाही.

तुझं पत्र मला शनिवारी मिळालं होतं. मी उघडलं नाही. खिशात घातलं आणि रविवारी तसंच घेऊन गोदामात गेलो. वाटलं, रडगाणं असेल, वाचलं तर हात ढिला पडेल. मंगळवारी ते मला याने इथे दवाखान्यात पलंगाशेजारी बसून वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबला, कारण त्याला पुढे वाचवेना. मी म्हटलं, वाच.

दोन्ही मशीनं चालू झाली. तुझं मशीन थोडंसं थरथरलं आणि मग भोकातून शिट्टी वाजवत राहिलं. मी हसलो. म्हटलं, बघा, ओढ गळतेय. बाबांचं ओरडायला लागलं, चढत गेलं. मला ते गाण्यासारखं वाटत होतं. याने ओरडून सांगितलं की हात काढ. मी जास्त दाबला. पंखा पत्रा फाडून वर आला. एक तुकडा घड्याळजींच्या खांद्यात घुसला, एक छताला. माझी दोन बोटं टेबलावर होती आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाची असल्यासारखा बघत होतो. तुझ्या नवऱ्याने त्याच्या चालत्या, जिंकलेल्या मशीनची वायर उपटली आणि त्या वायरने माझा दंड आवळला. मी त्याला लाथ मारली म्हणे. त्याने सोडलं नाही. मला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत पळाला, आणि त्याच्या कोपराचे टाके उसवले ते अजून तसेच आहेत, दाखवत नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. माझं हिरवं मशीन त्याने फोडलं, ते मरेपर्यंत विसरणार नाही, हेही त्यालाच लिहायला लावतोय. पण चोर हा शब्द मी सगळ्यांसमोर बोललो, तो सगळ्यांसमोर परत घेईन. त्याच्यासाठी नाही. बाबांनी पलंगावरून तुला स्क्रू सांगितले, मला कधी सांगितले नाहीत, याचं मला दोन दिवस रडू येत होतं. आता येत नाही. त्यांनी योग्य माणसाला सांगितले.

पुढच्या बैठकीला तू यायचंस. तुझं मशीन तूच उघडायचंस, आणि झडप कशासाठी ते तूच सांगायचंस. खिटी मात्र जाड पत्र्याची कर, माझी हीच एक अट. टेबलाजवळ बाई बघून कुणी हसला, तर माझा डावा हात शाबूत आहे.

जी माया होती ती तशीच धर.

तुझा,
दादा

ता. क. हे मी दादांना न सांगता लिहितोय. जखमेत विष भरलंय. उद्या पंजा मनगटापासून काढणार आहेत. त्यांना वाटतं की फक्त पट्टी बदलायची आहे. मघाशी त्यांनी मला विचारलं की तीन बोटांत स्क्रूड्रायव्हर धरता येतो का. मी हो म्हणालो. आईजवळ शेजारच्या काकू बसतील, मी बोललोय त्यांच्याशी. तू ये.