मेलेल्या बहिणीकडे मागितलेली माफी

लेस्टर, ३ मे

प्रिय दहाबो अबायो,

‘प्रिय’ लिहू की नको, यावर दोन कप चहा संपला. शेवटी लिहिलं, कारण थोरल्या बहिणीला ‘अबायो’ म्हणून मान द्यायचा हे आईनं शिकवलंय आणि तिची शिकवण माझ्या हाडात आहे, तुझ्यापेक्षा जास्तच. पण पुढचं गोड असेल अशी आशा ठेवू नकोस. हे मी कागदावर लिहितेय याचंही कारण सांगून टाकते. कागद एका बोटानं ‘सगळ्यांसाठी’ पुसता येत नाही. फाडायचा असेल तर फाड, पण फाडताना तुझ्या हातांना कळेल तू काय करतेयस ते.

मी मेले त्या दिवशी मी भात शिजवत होते. हसू नकोस, मला अजून हसू येत नाहीये. माझा फोन गुरुवारी पायऱ्यांवरून पडला, काच फुटली, म्हणून दोन दिवस दुरुस्तीला दिला होता. त्याच दोन दिवसांत गोथेनबर्गला कुणी किन्सी वरसमे इल्मी वारली. माझंच नाव, बापाचं नाव तेच, आजोबाचं नाव तेच. आडनाव ठेवायची आपल्या सोमाल्यांत रीत नाही, आणि टोपणनाव लिहायची तसदी आपल्या गुलेदनं घेतली नाही. त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात ते उगाच नाही. ऐकलं की वाजलाच. त्यानं आपल्या कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, आणि मिनियापोलिसपासून मोम्बासापर्यंत एकशे सेहेचाळीस माणसं रडायला बसली. फोन एकानंही केला नाही. माझा बंद होता, पण माझ्या शेजारणीचा नंबर चौघींकडे आहे. खात्री करण्यापेक्षा ‘इन्ना लिल्लाह’ पहिल्यांदा कोण लिहितंय याचीच सगळ्यांना घाई.

शनिवारी सकाळी फोन हातात आला. चारशे बारा निरोप! मला वाटलं पुन्हा आपल्या कुळाच्या सरदारकीवरून जुंपली असेल. वाचते तर काय, मी किती गुणी होते! शम्सो मावशी, जी माझ्या कंजेरोच्या आंबोळ्यांना ‘चामडं’ म्हणते, ती सांगत होती, “किन्सीच्या हातचा कंजेरो खाल्ला की पोट भरायचं पण मन भरायचं नाही गं.” माल्मोचा लिबान म्हणे मी त्याला लहानपणी पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. कुठली नदी? आपल्या गावात नदी कुठून आली? आणि तो सुलेमान, ज्यानं माझ्या लग्नानंतर मुसेचा हात हातात घेतला नव्हता, त्यानं लिहिलं होतं, “तिनं नवऱ्याचं घर सोनं केलं.” मुसे लोहारकुळातला म्हणून यांच्या हातांना विटाळ होत होता. बायको मेल्यावर म्हणे सोनं!

मग ग्रुपवर तुझा निरोप आला. आवाजाचा, चार मिनिटं दहा सेकंदांचा. अकरा वर्षं तू मला ईदच्या दिवशी गुलाबाच्या चित्राशिवाय काही पाठवलं नव्हतंस. मी गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसले.

तू बुरांबूर रचलं होतंस माझ्यासाठी. आपल्याकडच्या बायका लग्नात रचतात, मरणात रचतात, पण तुझ्यासारखं कुणाला जमलं नाही हे मी आजही म्हणेन, रागातही म्हणेन. प्रत्येक ओळ माझ्या नावाच्या अक्षरानं सुरू केली होतीस, जुन्या बायका करायच्या तशी. पहिलं मिनिट मी नुसती रडले. वाटलं, बघ, हिच्या पोटात माया होती, उगाच मी इतकी वर्षं मनात वाईट धरलं. आणि मग या ओळी आल्या:

किन्सी, कॅसेट कोंडली कपाटात मी,
कुरवाळत होती आई, कानांनी ऐकलं मी,
कुशीतल्या कोकरासाठी कल्याण मागत होती,
कडू केलं काळीज, कुणाला कळू दिलं नाही मी.

पुढे तू रडत रडत माझ्याकडे माफी मागितलीस. म्हणालीस की आईनं मरायच्या आदल्या वर्षी ती राहायची त्या ईस्टलीहून येणाऱ्या बाईबरोबर स्वतःचा आवाज भरलेल्या दोन टेपा तुझ्याकडे पाठवल्या होत्या, एक तुला, एक मला. माझी तू ऐकलीस आणि ठेवून घेतलीस.

मी एकदाच ऐकलं ते. दुसऱ्यांदा ऐकायच्या आधी माझी अक्कल कुठे गेली कोण जाणे. एवढी माणसं रडतायत, त्यांना सांगायला हवं, म्हणून मी आधी ग्रुपवर लिहिलं, “मी जिवंत आहे. भात लावलाय.” आणि अबायो, मिनिटाच्या आत तुझ्या गाण्याच्या जागी ते राखाडी वाक्य आलं, ‘हा निरोप पुसला गेला आहे.’ बाकी सगळे “अल्लाचे आभार” लिहीत होते, गुलेद म्हणत होता, “बातमी चुकली, पण दुआ वाया जात नाही.” एकशे पंचेचाळीस माणसांना मी जिवंत असल्याचा आनंद झाला. माझ्या बहिणीला घाम फुटला!

गोथेनबर्गच्या त्या बिचारीसाठी नंतर दहा-बारा जणांनी ‘इन्ना लिल्लाह’ लिहिलं. सगळं रडणं माझ्यावर संपलं होतं.

मी तुला वेगळं लिहिलं, “ताई, ते परत पाठव.” निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर तीन दिवसांनी! “नेटवर्क खराब होतं गं, काहीतरी चुकून गेलं. अल्ला तुला आयुष्य देवो.” आणि खाली कलौंजीचं तेल गुडघ्यांना कसं चांगलं त्याचा व्हिडिओ. दहाबो, चार मिनिटांचं बुरांबूर चुकून जातं? यमकासकट?

शम्सो मावशीला विचारलं. “आम्ही रडत होतो गं, शब्द कोण ऐकतंय?” लिबानला विचारलं. “जाऊ दे ना ताई, जुनं उकरून काय मिळणार, ग्रुपचं वातावरण बिघडतं,” आणि वर एक हसरा चेहरा. मग मी ग्रुपवरच विचारलं, उघड. गुलेदनं नियम काढला की घरगुती भांडणं इथे नकोत. आदल्याच दिवशी याच ग्रुपवर कुणाचा आजोबा कुणाचे उंट घेऊन पळाला यावर दोनशे निरोप झाले होते, त्यात ऐंशी एकट्या गुलेदचे! सगळ्यांनी ऐकलंय आणि सगळे मूग गिळून बसलेत. माझा गळा दाबणारे एवढे हात, आणि प्रत्येक हातात जपाची हिरवी तसबी.

आता तुला आठवण करून देते, कारण तू विसरली असशील, मी विसरू शकत नाही. सत्त्याण्णव साली मी मुसेशी निकाह केला तेव्हा आईनं ईस्टलीच्या टेलिफोनच्या दुकानातून फोन केला होता. मागे माणसांची रांग होती, सगळ्यांनी ऐकलं असेल. ती म्हणाली, “मी पाजलेलं दूध तुला पचू नये.” एवढंच. आणि फोन ठेवला. आईचा शाप म्हणजे काय ते आपल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी त्यानंतर दर आठवड्याला त्या दुकानात फोन करत होते, ती यायची नाही. दोन हजार तीनमध्ये ती गेली, तेव्हा तू मला फोनवर सांगितलंस, “शेवटपर्यंत तुझं नाव काढू देत नव्हती.” शब्द न् शब्द हाच होता. मी विचारलं, एकदाही नाही? तू म्हणालीस, एकदाही नाही. तेव्हा टेप तुझ्या कपाटात होती.

त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं जगले. पोरगी इफ्राह झाली, तिच्यानंतर माझी दोन बाळं पोटातच गेली, मी म्हटलं, दूध पचलं नाही. मुसे चव्वेचाळिसाव्या वर्षी टॅक्सी चालवताना गेला, मी म्हटलं, दूध पचलं नाही. नळ गळला तरी मी तेच म्हणायची. मुसे बिचारा शेवटी म्हणायचा, “तुझी आई गेली तरी आपल्या पलंगावर मधोमध झोपते.” तो हे हसत म्हणायचा, पण त्याच्या मनात ते सलत होतं. स्वतःच्या कुळामुळे बायकोला शाप लागला असं वाटत तो माणूस मेला. त्याचं काय करायचं सांग? त्याला कोणतं बुरांबूर ऐकवशील?

तू असं का केलंस हेही मला कळतं, म्हणून तर जास्त संताप होतो. आईचं दुखणंखुपणं तू बघितलंस, औषधं तू पाठवलीस, रोज सकाळी फोन तू केलास, आणि म्हातारीनं टेपवर नाव कुणाचं घेतलं तर पळून गेलेल्या धाकटीचं. जळफळाट झाला असेल. मला झाला असता. मी दोन दिवस टेप लपवली असती, एक आठवडा लपवली असती. मग रडून, शिव्या घालून पाठवून दिली असती. इतकी वर्षं लपवायला नुसता जळफळाट पुरत नाही. त्याला रोज सकाळी उठून पुन्हा ठरवावं लागतं.

आणि तू नमाजी बाई, तुला मी काय सांगावं? माणसाचं माणसाकडे राहिलेलं देणं अल्लाही माफ करत नाही, ज्याचं आहे त्यानंच करावं लागतं. तू मेलेल्या बहिणीकडे माफी मागितलीस, जिला ‘हो’ म्हणता येत नव्हतं आणि ‘नाही’ही म्हणता येत नव्हतं. जिवंत सापडली तशी मागे घेतलीस. एवढी भीती वाटते माझी?

त्या शनिवारी आणखी एक झालं. इफ्राह आली. ती ग्रुपवर नाही, मार्चमध्येच बाहेर पडली. तिला मैत्रिणीकडून कळलं आणि ती ब्रिस्टलहून सकाळच्या बसनं निघाली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी फोन हातात धरून स्टुलावर बसलेली, भात खाली लागलेला. तिनं मला पाहिलं आणि अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या दुखल्या. पोर हुंदके देत होती. मग सावकाश बाजूला झाली, डोळे पुसले, म्हणाली, “जिवंत आहेस ना? बरं.” आणि निघून गेली. बूटही काढले नव्हते. मी मागून म्हटलं, जेवून जा. तिनं वळून पाहिलं नाही.

का, ते तुला कुणी सांगितलं नसेल. माझ्या शेजारणीलाही माहीत नाही. इफ्राहला एक मुलगा आवडलाय. गॅम्बियाचा आहे, शिक्षक, पाच वेळा नमाज पढणारा, माझ्याशी बोलताना उभा राहणारा. सोमाली नाही, एवढंच. आणि मी, लोहाराशी लग्न करून घरादाराच्या शिव्या खाल्लेली मी, रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिला फोनवर म्हणाले, “मी पाजलेलं दूध तुला पचू नये.” तेच शब्द, दहाबो. अगदी आईच्या आवाजात. घाबरले होते मी, वाटलं शापाच्या घरात आणखी एक उलटं लग्न नको, आणि त्या भीतीपोटी तोच शाप तिच्या ओटीत घातला. त्यानंतर मी चार वेळा तिला फोन केलाय. तोंडून निघतं ते “जेवलीस का,” पुढे जीभ उचलत नाही. बोललेला शाप मागे कसा घ्यायचा ते मला येत नाही. तिचा निकाह बावीस तारखेला आहे. आपल्या घरात शाप मागे घ्यायचं काम आजवर एकाच बाईनं केलंय, आणि तिनं ते कसं केलं, आधी रडली की आधी रागावली, कुठल्या शब्दापासून सुरुवात केली, ते तुझ्या कपाटात आहे. टेप पोस्टानं पाठवू नकोस, फोनवर वाजवून त्याचा निरोप करू नकोस. मी तिकीट काढलंय. सोळा तारखेला दुपारी तुझ्या दारात असेन. मी तुला माफ करेन की नाही हे मला आज माहीत नाही, आणि तू विचारूही नकोस. दार उघड, चहा ठेवू नकोस, काही बोलू नकोस. आधी आईला बोलू दे.

तुझीच, अजून जिवंत,
किन्सी