साहेबांनी न मारलेली लाथ

तीर्थस्वरूप वन्सं यांना साष्टांग नमस्कार (एक अंग सध्या प्लास्टरमध्ये असल्यामुळे सात अंगांचाच समजावा). तुमची कंबर कशी आहे? सूनबाईचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगू? फोनवर तुमचा आवाज हुबेहूब ह्यांच्यासारखा येतो. तुम्ही नुसतं "हं, बोल" म्हणालात की मला पुढचं काही सुचत नाही, आणि तुम्हाला वाटतं लाइन गेली. हे गेल्यापासून मी तुम्हाला फारसा फोन केला नाही तो एवढ्यासाठी. राग वगैरे काही नव्हता.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत कंडरेच्या पेशी वाढवतात हे तुम्हाला मागे सांगितलं होतं (तेव्हा तुम्ही डुलकी घेत होतात). कंडरा म्हणजे मांसाला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. ह्या पेशी बशीत गुलाबी पाण्यात राहतात, त्यातलंच खातात आणि, आता काय सांगायचं, त्यातच घाण करतात. घाण साठली की पाणी पिवळं पडतं. ते उपसून ताजं घालायचं हे माझं काम. साहेबांचं म्हणणं, थोडी घाण असली तर पेशी उलट हुरूपाने कामाला लागतात, फार झाली की मरगळतात. पण साखरेचं प्रकरण सगळ्यात वाईट. जादा साखर दोरीच्या धाग्यांना चिकटून बसते, तिच्यापासून जो काही चिकटा तयार होतो त्याने दोरी कडक होते आणि पेशी आळशी. हे बघायला साहेब बशीत मधोमध एक बारीक ओरखडा काढतात. साध्या बशीतल्या पेशी दोन्ही काठांवरून सरकत सरकत एकमेकींना गाठतात आणि ओरखडा भरून निघतो. चिकट्याच्या बशीतल्या मात्र आपापल्या काठावर फतकल मारून बसतात. मी त्यांना फार बोलते. रविवारी सुट्टी असते तरी जाते. पाणी शनिवारीच बदललेलं असतं, पण घरी बसून तरी कोणाचं काय करायचं?

अशाच एका दिवशी वरच्या फळीवरची बाटली काढायला चवड्यांवर उभी राहिले, आणि मागून कोणीतरी टाचेवर सणसणीत लाथ मारली. वळून बघते तर साहेब, हातात चहाचा कप. मग माझी जीभ सुटली. त्यांना जे बोलले ते तुमच्या भावालासुद्धा कधी बोलले नाही (एकदा बोलले होते, पण तेव्हा तुम्ही त्यांचीच बाजू घेतलीत). गंमत म्हणजे साहेबांनी लगेच माफी मागितली. संसारी माणूस, आधी माफी मागून मग काय झालं ते विचारायची सवय लागलेली. मला पुढे पाऊल टाकता येईना तेव्हा उलगडा झाला. लाथ कोणी मारलीच नव्हती, माझीच कंडरा तुटली होती. तुटताना अगदी तसंच वाटतं म्हणे. जन्मभर कंडरेवर लेख लिहून साहेबांनी तुटलेली कंडरा चालत्याबोलत्या माणसात पहिल्यांदाच पाहिली, आणि फार उत्साहाने पाहिली. चहा सांडला तो मलाच पुसावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर साखर कुठल्या कुठे पोचलेली. त्यांनी कागदावर दोरी काढून तिला साखर कशी चिकटते ते समजावलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी मान हलवली. त्या बशांशेजारच्या खोलीत बसून मी रोज तीन चमचे साखर घातलेला चहा प्यायले, हे त्यांना सांगायची लाज वाटली. हे होते तेव्हा एकच चमचा असायचा, कारण चहा ते करायचे. आता माझा मी करते, पुरे म्हणणारं कोणी नाही. फार एकटं वाटतं वन्सं. असो.

आता ऑपरेशन करून दोन्ही टोकं शिवायची आहेत, आणि ती लवकर शिवली पाहिजेत, नाहीतर आखडून एकमेकांपासून लांब जातात आणि पाय लंगडा राहतो. पण तारीख देणाऱ्या बाईंचा हट्ट, की नंतर घरी न्यायला आणि चार दिवस सोबत राहायला घरचं माणूस पाहिजे. मी साहेबांचं नाव सांगितलं. नातं विचारलं, म्हटलं साहेब. मग आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशींचं सांगितलं. सख्ख्या मावशी का, म्हणाल्या. म्हटलं, नाही, सगळ्यांच्याच (त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत). त्या घोळात एक तारीख हातची गेली. तरी तुम्ही मुळीच काळजी करू नका, आणि येण्याचा विचार तर मनातही आणू नका. कंबर सांभाळा. मी अगदी मजेत आहे. लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. येऊ नका असं लिहिलं खरं, पण येणारच असाल तर जाडसं पांघरूण आणा. माझ्याकडे एकच उरलंय.

आणखी एक ता. क. पुढच्या शुक्रवारची तारीख मिळाली आहे. घरचं माणूस म्हणून मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, तेव्हा रागावायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त इथे येऊन रागावा.

आता खरंच शेवटचं. त्या बाईंनी नातं विचारलं तेव्हा म्हटलं, नणंद, ह्यांची बहीण. मग हे कुठे असतात म्हणाल्या. सांगितलं. तर लिहिता लिहिता थांबून त्या म्हणाल्या, "मग आता त्या तुमच्या कोण?" म्हटलं, ते वन्संनाच विचारा. शुक्रवारी सकाळी त्या पुन्हा विचारतील. तेव्हा तुम्ही सांगा.