अर्ध्या किमतीतलं जहाज

२५ ऑक्टोबर २००६
काल भाऊबीज. नूतनचा भाऊ भरत आणि त्याची बायको मीना डोंबिवलीहून आले. ओवाळणीत साडी. ती ठीक. पण जेवणं झाल्यावर भरतने फोटोंचा अल्बम काढला. मुंबई ते गोवा, क्रूझने. ऑफिसने पाठवलं म्हणे. एका फोटोत हा हाफ पँटमध्ये आडवा पडलाय, हातात सरबताचा ग्लास आणि ग्लासात कागदाची छत्री. स्वतः उन्हात आणि छत्री सरबताला!
नूतनने अल्बम दोनदा बघितला. मी म्हटलं, काय आहे त्यात एवढं, पाणीच तर आहे. भरत हसून म्हणाला, "दाजी, ते तुमचं काम नाही. तुमच्या एसटीडी बूथची सहा महिन्यांची कमाई जाईल त्यात."
मी फक्त सुपारीचा डबा जरा जोरात ठेवला. झाकण मोडलं. डबाच हलका होता.
ठराव : नूतनला क्रूझवर नेणे. भरतपेक्षा मोठ्या जहाजाने. भरतपेक्षा कमी पैशांत.

२८ ऑक्टोबर
मार्ग सापडला.
सकाळी बूथवर नाथू आला. उमरठच्या वरच्या वाडीतला. मुंबईत एका ऑफिसात शिपाई आहे, दिवाळीला घरी आलाय. त्याच्या मालकाने यंदा बोनसऐवजी सगळ्यांना एका क्रूझ कंपनीचं गिफ्ट कार्ड दिलं. पाच हजारांचं. चकचकीत, वर निळं जहाज. नाथू पेटला होता. म्हणाला, "ह्ये दाखवून वाणी तांदूळ देल काय? सायबाला इचारलं, तर बोलला एन्जॉय कर."
मी शांतपणे विचारलं, विकणार? दोन हजारांत द्यायला तयार झाला. अडीच दिले. मी कुणाला लुबाडत नाही. शिवाय त्याच्या ऑफिसात आणखी शिपाई आहेत, ड्रायव्हर आहेत, कँटीनवाला आहे. सगळ्यांची तीच रड. नाथू कार्डं गोळा करून आणतो म्हणाला.
शिकलेली माणसं पूर्ण पैसे भरतात आणि फोटो दाखवत फिरतात. डोकं असलेला माणूस पोलादपुरात बसून अर्ध्या किमतीत जहाज घेतो.

१३ नोव्हेंबर
आज सहा कार्डं झाली. तीस हजारांचा माल निम्म्यात. पैसे नव्या झेरॉक्स मशीनसाठी ठेवले होते. पण जुनं मशीन अजून चालतं. फक्त मधे एक काळा पट्टा येतो. कुणी तक्रार केली तर मी सांगतो, वाचता येतं ना? मग झालं.
नूतनला पत्ते पिसल्यासारखी कार्डं पिसून दाखवली. वाटलं, काहीतरी बोलेल. म्हणाली, "मागे काय लिहिलंय ते वाचलंत का?" बायकांना उत्साह म्हणून नसतोच.

२० नोव्हेंबर. दुपार.
संताप. संताप. संताप.
क्रूझ कंपनीला फोन केला. अर्धा तास बासरी ऐकवली. माझ्याच बूथवर माझंच मीटर पळतंय. शेवटी एक मुलगी आली. नाव समीक्षा, बोलणं हिंदी. मी मराठीतून सुरुवात केली तेव्हा कुठे मराठीवर आली. म्हणाली, सर, एका प्रवाशाला एकच कार्ड चालतं, आणि तेही निम्म्या भाड्यापुरतं. उरलेलं निम्मं कॅश. सुट्ट्यांच्या तारखांना चालत नाही. कार्डाच्या मागे लिहिलंय सर.
लिहिलंय! मुंगीने पायाला शाई लावून चालावं तसं लिहिलंय!
मी तिला फक्त नियम म्हणजे काय असतं ते समजावलं. बाहेर स्टँडवर उभे असलेले कंडक्टर डोकावून गेले. त्यांना काही कामं नाहीत.
म्हणजे आम्ही दोघं जायचं तर दोन कार्डं. उरलेली चार काय शिंक्यात ठेवू?

२१ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. चूक माझी नाही, कंपनीची आहे. पण कंपनीच्या चुकीतूनही मी वाट काढली. कार्डं सहा, तर माणसं सहा नेऊ. ज्याने त्याने आपापली निम्मी कॅश भरायची आणि कार्डाचे मला द्यायचे. मी टूर लीडर. हे आधीच सुचायला हवं होतं. तसं ते सुचलंच होतं, लिहायचं राहिलं.

३ डिसेंबर
नाथू पगार घेऊन गावी आला तेव्हा त्याला पहिला मान दिला. म्हटलं, तू आणि तुझी बायको अंबूबाई चला. कार्ड तुला मी घेतलं त्याच भावात देतो.
तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवो, मीच इकलेलं माजं कार्ड मीच इकत घेव?"
म्हटलं, व्यवहार म्हणजे व्यवहार.
तो म्हणाला, "दादा, तुमी रागवू नका, पन ह्ये काय बराबर नाय."
मी रागावलो नव्हतो. आवाज चढला कारण बाहेर ट्रक उभा होता. शेवटी त्याचं कार्ड फुकट दिलं. नुकसान माझं, उपकार कुणाला नाहीत. अंबूबाईच्या कार्डाचे पैसे तो दोन हप्त्यांत देणार.

१७ डिसेंबर
सहा पूर्ण. मी, नूतन, माझी आई, नाथू, अंबूबाई आणि हायवेवर खानावळ चालवणारी रखमा. रखमा एकटी बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झाली. विचारल्याबरोबर हो म्हणाली. गल्ल्यातून पैसे काढून दिलेही. म्हणाली, "तीस वर्सं दुसऱ्यांना वाढतेय. तिथं कोन तरी मला वाढंल. पन तिथं माजं मी बघन, माज्या मागं फिरू नका."
तिच्या मागे कोण फिरतंय?
आईचा एकच प्रश्न होता. बोटीला ब्रेक असतो का?

७ जानेवारी २००७
बुकिंग झालं. मंगळवार ६ फेब्रुवारी. सुट्टीचे दिवस कार्डाला चालत नाहीत, म्हणून आडवार. बरंच आहे, गर्दी कमी. मी मुद्दामच तसं घेतलं.
भरतला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा दाजी!" मनापासून म्हणाला. हे मला अपेक्षित नव्हतं. त्याच्या आवाजात जळफळाट शोधत होतो तेवढ्यात लाइन कट झाली.

२१ जानेवारी
प्रवाशांची मीटिंग, आमच्या ओटीवर. सहा पांढऱ्या टोप्या शिवून घेतल्या आहेत, वर 'पोलादपूर'. गळ्यात अडकवायला माझ्यासाठी शिटी. नियम वाचून दाखवले. एकदा शिटी म्हणजे जमा व्हा. दोनदा म्हणजे जेवायला. तीनदा म्हणजे धोका.
रखमा हसायला लागली. ती हसली म्हणून अंबूबाई हसली. मग नाथू. मी फक्त एवढंच म्हटलं की बुडताना हसा.
अंबूबाई उठून गेली. शेळ्या बांधायच्या होत्या म्हणे. भर दुपारी!
एकूण मीटिंग शिस्तीत पार पडली.

५ फेब्रुवारी
उद्या पहाटेच्या एसटीने मुंबई. नूतनने सगळ्यांचं एकाच मोठ्या बॅगेत भरलं. माझे कपडेही. मी म्हटलं, माझी बॅग वेगळी हवी, लीडरची. ती म्हणाली, सांभाळायला एकच बरी.
संध्याकाळी तिने भरतने दिलेली साडी नेसून बघितली. आरशासमोर नाही, खिडकीच्या काचेत. मी बघतोय हे कळल्यावर लगेच बदलली. छान दिसत होती. सांगायचं होतं. पण घाईत टोप्या मोजायच्या होत्या.

६ फेब्रुवारी. डोंबिवली. भरतचं घर.
होय. डोंबिवली.
झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा.
बंदरावर वेळेत पोचलो. जहाज खरंच मोठं. आईने हात जोडले. काउंटरवर कार्डं दिली, पावत्या दिल्या. तो टायवाला पोरगा म्हणाला, पोर्ट चार्जेस वेगळे, माणशी अमुक, कार्डात धरलेले नाहीत.
मी म्हटलं, का नाहीत?
तो म्हणाला, नसतात सर.
मी म्हटलं, नसतात म्हणजे काय, कोण म्हणतं नसतात, मॅनेजरला बोलाव. तो म्हणाला, मॅनेजर येतील, पण गेट बंद व्हायची वेळ होत आलीय, तुम्ही भरून आत जा आणि आतून तक्रार करा. म्हणजे आधी लुटून घ्या आणि मग ओरडा! मी सांगितलं, मी इथून हलणार नाही. मागे रांग होती. रांगेने माझ्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. रांग दुसऱ्या काउंटरवर गेली.
तेवढ्यात नूतनने पदराची गाठ सोडली आणि सहाही जणांचे पैसे भरून टाकले. ब्लाउज शिवून साठवलेले. मला माहीतही नव्हते. म्हणाली, "चला. झालं."
मी म्हटलं, झालं नाही! भरलेस म्हणजे त्यांचं खरं ठरलं. परत घे.
ती म्हणाली, "चला ना."
मी म्हटलं, मॅनेजर आल्याशिवाय नाही.
नाथू म्हणाला, "दादा, गेट लावतायत." आई म्हणाली, "म्हयपत, चल रे बाबा."
मी म्हटलं, लावू देत. तिकीट असलेल्या माणसाच्या तोंडावर गेट कसं लावतात तेच बघायचंय मला.
नूतन माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एसटी चुकेल की मिळेल असं बघतात, तसं. मग तिने आईचा हात धरला आणि चालायला लागली. रखमाने बॅग उचलली. मी शिटी वाजवली. एकदा. कुणी थांबलं नाही. परत वाजवली. पोलीस आला.
गेट लावलं.
मॅनेजर आले, जहाज सुटल्यावर. फार नम्र माणूस. चहा दिला, पूर्ण ऐकून घेतलं, माझा मुद्दा बरोबर आहे म्हणाले. म्हणजे मी जिंकलो. नुकसानभरपाई म्हणून त्यांनी एक गिफ्ट कार्ड दिलं. पाच हजारांचं. एका प्रवाशाला एकच.
माझे कपडे जहाजावर आहेत. मीनाने भरतची हाफ पँट काढून दिली. भरत चपात्या वाढत होता आणि काही बोलत नव्हता. यापेक्षा हसला असता तर बरं.

७ फेब्रुवारी
घरी. बूथ उघडला. दिवसभरात दोन फोन, त्यातला एक राँग नंबर. सगळे विचारतात, तुम्ही जाणार होतात ना? मी सांगतो, तब्येत. मग विचारतात, आणि वहिनी एकट्या? मी सांगतो, एकट्या नाहीत, माझी माणसं बरोबर आहेत.
पण एक गोष्ट पटत नाही. ती उतरू शकली असती. मी असतो तर उतरलो असतो.
(उतरलो असतो का, हा प्रश्नच नाही. मी चढलोच नव्हतो.)

८ फेब्रुवारी
भात करपला. गॅस बिघडलाय.
नूतन आल्यावर काय बोलायचं ते ठरवलं. पहिलं : नवऱ्याला धक्क्यावर सोडून जाणं. दुसरं : न विचारता पैसे भरणं. तिसरं : शिटीचा अपमान. हे सगळं शांतपणे बोलायचं. तिला रडू आलं तर माफ करायचं.

१० फेब्रुवारी
आज आली. मी स्टँडवर उभा होतो. एसटी वळायच्या आधी हसणं ऐकू आलं. खिडकीतून. आधी वाटलं कॉलेजच्या पोरी. थांबली तेव्हा बघितलं, रखमा, अंबूबाई आणि नूतन. नूतन एवढी हसत होती की डोळे पुसत होती. उन्हाने रापलेली. डोक्यावर माझी टोपी, म्हणजे 'पोलादपूर'वाली, पण उलटी.
मग त्यांनी मला बघितलं.
हसणं थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं. टोपी काढली. नाथू म्हणाला, "बरी हाय बोट," आणि पिशवी उचलून निघाला. रखमा म्हणाली, खानावळ उघडायची आहे.
ठरवलेलं काही बोललो नाही. लोक होते.
जेवताना आईला विचारलं, काय केलंत तीन दिवस? आई म्हणाली, "सांजचं वर जाऊन बसायचो. सूर्व्या बुडायचा. नूतन गानी म्हनायची. शेवटी शेवटी तर मानसं जमायची आयकायला. एक मेमसाब रडली."
मी म्हटलं, कोण नूतन? आपली? ती कुठे गाते?
आई म्हणाली, "म्हनते की. तू घरी नसलास का म्हनते."
चोवीस वर्षं झाली लग्नाला. नूतनला विचारलं, मला कधी ऐकवलं नाहीस ते? ती भात कालवत म्हणाली, "आवाजाने तुमचं डोकं दुखतं ना." असं मी म्हटलं असेन. एखाद्या वेळी. लग्नाच्या सुरुवातीला. एवढं काय धरून ठेवायचं?
तीन मुद्द्यांपैकी एकही काढला नाही. आठवत होते.

संध्याकाळ.
आत भांडी घासता घासता ती गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते. उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आवाज न करता. तरी तिला कळलं. थांबली. पाणी हवंय का, विचारलं.
नको म्हटलं. बाहेर ओटीवर येऊन बसलोय. खोकलोसुद्धा नाही.
अजून सुरू झालेलं नाही.