घर पाहून आलेला माणूस

॥ श्री ॥
कर्जत, ४ नोव्हेंबर २०२४

चि. अनुपम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. लग्नाच्या गोष्टी फोनवर करायच्या नाहीत हे आपल्या घराचं खूळ तुला माहीतच आहे.

श्रद्धासाठी दोन स्थळं आली आहेत आणि दोन्ही मुलं वेब डेव्हलपर. एक लोधिवलीचा मनोज, तुझ्याच लिस्बनमध्ये, तुझ्याच ऑफिसात. दुसऱ्याचं नाव नवीन, तो झ्युरिचला असतो, आईवडील खोपोलीला. नवीनचा पगार मी रुपयांत करून पाहिला आणि दोनदा चष्मा पुसला. पण तुझी मालतीकाकू म्हणते, तिकडे कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळते ते आधी विचारा. तेव्हा दोन्ही गावांतला पगार, घरभाडं, खाणंपिणं सगळं व्यवस्थित कळव.

आणखी एक. मुलाचं घर पाहिल्याशिवाय आपण शब्द देत नाही. मला एवढ्या लांब येणं जमणार नाही, माझे गुडघे स्टेशनचा पूल चढतानाच बोलू लागतात. आमच्या वतीने तू झ्युरिचला जाऊन ये. स्वतःचं लग्न टाळतोस ते टाळ, निदान चुलत बहिणीच्या कामी ये.

तुझा,
अप्पाकाका


लिस्बन, २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अप्पाकाका यांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल झ्युरिचहून परतलो. आधी हिशेब. लिस्बनला आमच्यासारख्याच्या हातात महिन्याला एकोणीसशेच्या आसपास युरो पडतात आणि निम्म्याहून जास्त घरभाडंच खातं. म्हणून मनोज दोघांबरोबर घर वाटून राहतो. झ्युरिचला हातात साडेसहा हजार फ्रँक येतात. भाडं अडीच हजार, आरोग्यविमा सक्तीचा आणि वेगळा, नुसते केस कापायचे तर पन्नास फ्रँक. काकूंना सांगा, कोथिंबीर तिकडे मोजून चार काड्या मिळते. एवढं जाऊनही शिल्लक झ्युरिचचीच भारी, हे मान्य करायला हवं.

घर लखलखीत आहे. नवीनने चहाही छान केला. मी आत गेल्यावर त्याने दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली, निघताना ती मला मागावी लागली. आतल्या खोलीला बाहेरून कडी आहे. स्वयंपाकघरात डब्यांवर बाईच्या अक्षरात मराठी चिठ्ठ्या आहेत, धने, गोडा मसाला वगैरे. कोणी लिहिल्या असं विचारलं तर तो हसला आणि हवामानावर बोलू लागला.

त्या इमारतीत कपडे धुण्याचं मशीन तळघरात, सगळ्यांत मिळून एक, आणि प्रत्येक घराला दोन आठवड्यांतून एक वार ठरलेला. उतरताना धुणं घेऊन निघालेल्या शेजारच्या आजी भेटल्या. त्यांनी माझा हात धरून मोडक्या इंग्रजीत विचारलं, की ती मुलगी आता कशी आहे. कोणती मुलगी, ते मला कळलं नाही. पुढे काही विचारणार तोच वर नवीनचं दार उघडलं आणि आजी लगबगीने खाली गेल्या.

मी लहान, निर्णय तुम्हा मोठ्यांचा. मनोजला मात्र मी रोज पाहतो, माणूस मोकळा आहे. काकूंना नमस्कार, श्रद्धाला आशीर्वाद.

आपला,
अनुपम


॥ श्री ॥
कर्जत, १५ डिसेंबर २०२४

चि. अनुपम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तोंड गोड कर, श्रद्धाचं नवीनशी ठरलं. घर पाहून आलेला माणूस स्पष्ट नको म्हणाला नाही, म्हणजे घर पसंत, असंच आपण आजवर धरत आलो. तुझ्या आत्याच्या वेळीही तसंच झालं होतं.

डब्यांचं मी खोपोलीला विचारलं. नवीनची कोणी लांबची बहीण राहून गेली म्हणे. आजी म्हाताऱ्या आहेत, परमुलखात आपली सगळी माणसं त्यांना एकसारखीच दिसत असतील. परक्या शहरात कुलूप लावलेलं बरंच.

श्रद्धा तुझं पत्र पुन्हा मागून घेऊन गेली. थोडं थांबूया का, असं एकदा म्हणाली. एकुलती एक मुलगी, जीव घाबरणारच. कडावहून दूध घालायला येते ती सुंदरासुद्धा काल मालतीला विचारत होती, की पोरीचं तिकडं कोण हाय. तू सुट्टी काढून ये.

तुझा,
अप्पाकाका


॥ श्री ॥
कर्जत, २० फेब्रुवारी २०२५

चि. अनुपम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्न छान झालं, तुझी जागा मात्र रिकामी राहिली. जानेवारीत तू फोनवर हट्टाला पेटलास, तेव्हा लग्नाचं बोलणं फोनवर नको म्हणून मी फोन ठेवला. राग मानू नकोस. मग तुझं पत्र आलं, त्यात हे स्थळ नको असं तू ठळक लिहिलं होतंस. पण ते पोचलं तेव्हा श्रद्धाच्या अंगाला हळद लागलेली होती. हळद लागल्यावर कोण मागे फिरतं? मालतीला मी ते दाखवलं नाही.

मे महिन्यात श्रद्धा तिकडे जाईल. तुझ्या शंका खोट्या ठरोत, एवढंच मागतो.

तुझा,
अप्पाकाका


झ्युरिच, २१ जून २०२५

ती. अप्पा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. माझा फोन बिघडला आहे, म्हणून आवाज ऐकू आला नाही तरी काळजी करू नका. शुद्धलेखनाच्या चुका राहू नयेत म्हणून माझं पत्र हे स्वतः वाचून मग पाकीट बंद करणार आहेत.

गाव सुंदर आहे असं हे सांगतात. दर दुसऱ्या मंगळवारी आमचा धुण्याचा वार असतो, तेव्हा मी तळघरात जाते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या आता मी माझ्या अक्षरात लिहिल्या आहेत.

अनुपमदादाला माझा नमस्कार कळवा. त्याला सांगा, त्याने पाहिलं होतं तसंच घर आहे, काही बदललेलं नाही. आई, तब्येतीला जप.

तुमची,
श्रद्धा


कर्जत, ९ जुलै २०२५

चि. अनुपम,

हे हाताने लिहिलं, पण फोटो काढून पाठवतो आहे. टपालाची वाट पाहायची हिंमत नाही.

श्रद्धाचं पत्र काल आलं. शेवटची ओळ मालतीने वाचली आणि मला विचारलं, की अनुपमने त्या घरात काय पाहिलं होतं ते पुन्हा सांगा. मी सांगू लागलो. किल्ली, कडी, ती मुलगी. मग तुझं दुसरं पत्रही तिच्या हातात दिलं. ती माझ्याशी बोलत नाही. खोपोलीकर फोन उचलत नाहीत, नवीन म्हणतो श्रद्धा झोपली आहे. भरदुपारीही झोपली आहे म्हणतो.

मी पगार विचारला, भाडं विचारलं, कोथिंबीरसुद्धा विचारली. तुझं मत तेवढं विचारलं नाही. आता घर पाहायला जाऊ नकोस. तिला घेऊन ये.

अप्पा


झ्युरिच, २२ जुलै २०२५

ती. स्व. अप्पाकाका,

नियम मोडून फोनवरच लिहितो. व्हिसाची अडचण नव्हती, पण रजा मिळायला हे दिवस गेले, त्याची मला लाज वाटते. शेजारच्या आजींनी मला ओळखलं. काही न विचारता त्यांनी पोलिसांना फोन लावला, ते निघाले आहेत.

आज नवीनच्या घराचा धुण्याचा मंगळवार, श्रद्धा खाली येईल म्हणून वाट पाहतो आहे. मी तळघरात मशीनपाशी बसलो आहे, आजी माझ्या शेजारी आहेत. त्या सांगतात, मागच्या वारी श्रद्धा आली नव्हती. नवीन एकटाच कपडे घेऊन आला होता, आणि त्यात फक्त त्याचेच कपडे होते.

काकूंजवळ बसा.

अनुपम