शिवणीत ठेवलेली माया

अण्णा, तुमची नात दहावी पास झाली. शाळेत न जाता झाली, हे आधीच सांगते, कारण मला तेच मिरवायचं आहे. सहावीच्या मध्यावर मी तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं. तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी माझ्या नावानं खडे फोडले, त्या सगळ्यांच्या दारात काल मी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे तर मुद्दाम दोनदा बेल वाजवली. पाच वर्षं त्या मला जिन्यात गाठून एकच विचारत होत्या, मुलीला काही प्रॉब्लेम आहे का गं? काल त्यांनी पेढा घेतला, गुण विचारले, आणि मग दार अर्धं ओढून घेत हळूच म्हणाल्या की त्यांचा नातू पुस्तक बघितलं की रडतो, तर मी एकदा त्याच्याशी बोलेन का. मी हो म्हटलं, आणि जिना उतरताना एकटीच हसत सुटले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फार उडू नको. आज मला उडू द्या.

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. माझं लग्न तुम्ही पाहिलं नाही, नात पाहिली नाही, तेव्हा जरा मागून सांगायला हवं. पोरगी लहानपणी बडबडी होती. शाळेत गेली आणि वर्षागणिक गप्प होत गेली. शाळेनं आमचं काही घोडं मारलं नव्हतं, बाई चांगल्या होत्या, पण सहावीत रोज सकाळी बरोबर पावणेसातला तिचं पोट दुखायला लागायचं. रविवारी दुखायचं नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणाले. मग एके दिवशी मी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं. तुमचा जावई माणूस चांगला आहे, पण बँकेत आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला मुदत असते असं त्याला मनापासून वाटतं. त्यानं अट घातली. दहावी तिच्या बरोबरीच्या मुलींसोबत, वेळेवर झाली पाहिजे. नाही झाली तर तुझे प्रयोग बंद. मी ताबडतोब कबूल केलं. नाकावर माशी बसू देत नाही मी, हे तुम्हाला माहीतच आहे.

माझ्यासारखी आणखी घरं आहेत हे मला नंतर कळलं. महिन्यातून दोन शनिवार आम्ही नौपाड्यात एकीच्या घरी जमतो, पंधरा-वीस आईबाप आणि त्यांची पोरं. तुम्हाला वाटेल तिथे फार मोठमोठ्या गोष्टी चालत असतील. छे. कुणी सांगतं की दूध एकदा उतू जाऊ द्यावं, मग मूल आपणहून गॅसपाशी उभं राहतं. कुणी सांगतं की वाण्याची यादी मुलालाच लिहायला लावायची आणि चुकीची लिहिली तरी तशीच पाठवायची, वाणी हसला की शुद्धलेखन सुधारतं. दुपारी एक ते तीन घरात कुणी कुणाला काही शिकवायचं नाही, हा एका डॉक्टरबाईंचा नियम. आणि सासरची माणसं यायची असतील तेव्हा चार पुस्तकं उघडी टाकून ठेवायची, हा सगळ्यांचा. मी हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन लगेच अमलात आणायचे, तेही दुप्पट.

तिथेच माझी गाडी घसरली. घरी शिकवणाऱ्यांचं एक खास वेड असतं, घरातली एकही वस्तू धड्याशिवाय सोडायची नाही. मी पोळी वाढायचे ती आठ तुकडे करून, आणि तीन अष्टमांश कुठले ते सांगितल्याशिवाय भाजी वाढायचे नाही. कपडे वाळत घालताना बाष्पीभवन, कुकरच्या शिट्ट्यांवर सरासरी, फोडणीत मोहरी तडतडली की उष्णता. फ्रिजवर वेळापत्रक लावलं होतं, सकाळी सात ते रात्री नऊ, चाळीस-चाळीस मिनिटांचं. मध्ये बोट घालायला फट नव्हती. नवऱ्यानं ते बघून पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं. एकदा दुपारी जेवताना पोरीनं ताटातले ते आठ तुकडे एकमेकांना जोडून पुन्हा गोल केला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "आई, आज मी नुसती पोळी खाऊ का?"

मी हसले. शनिवारी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले, आणि मी पुन्हा पोळीचे तुकडे करत राहिले. त्यातून काही घ्यायला हवं होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दहावीचं वर्ष आलं. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तो मी भरून, फोटो चिकटवून टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी द्यायला जायचं. आणि त्या सकाळी ती बीजगणिताची वही समोर घेऊन बसली ती बसलीच. एक ओळ लिहायची, खोडरबरनं पुसायची, पुन्हा तीच लिहायची. पान फाटलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली पोट दुखतंय. मी घड्याळाकडे बघितलं. पावणेसात वाजले होते. अण्णा, शाळा सोडल्यावर गेलेलं ते दुखणं चार वर्षांनी परत आलं होतं आणि या वेळी दप्तर माळ्यावर टाकून भागणार नव्हतं. या वेळी शाळा मीच होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मला तुमचं दुकान आठवलं. मी चौथीत आहे. खोपटला घरी दप्तर टाकून चालत नौपाड्यात तुमच्या त्या जिन्याखालच्या दुकानात येते, कारण संध्याकाळी तुम्ही मापाच्या ब्लाउजवर टेप लावून आकडे सांगता आणि मी ते वहीत लिहिते. वर्गात माझा पहिला नंबर, त्यामुळे अंगात मोठी ऐट. तुम्ही म्हणता, छाती पावणेचौतीस. मला पावणे कळत नाही, पण विचारायची लाज वाटते. पाव म्हणजे पाव, आणि चौतीसच्या आधीचे तेहेतीस, असा हिशेब करून मी झोकात लिहिते, सव्वातेहेतीस. अर्धा इंच मी तिथल्या तिथे खाऊन टाकला. लग्नाच्या आदल्या दिवशी ती नवरी मुलगी आईला घेऊन दुकानात आली. हुक लागत नव्हते. कापड शालूतलंच कापलेलं, तसं दुसरं कुठे मिळणार नव्हतं. तिची आई रडकुंडीला आली होती आणि माझी पाचावर धारण बसली होती. तुम्ही वहीकडे एकदा बघितलंत, माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि त्यांना म्हणालात, चूक माझी आहे, अर्धा तास बसा.

मग तुम्ही दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्यात. आत बोटभर कापड दुमडून ठेवलेलं होतं. तुम्ही ते उलगडलंत, नवी टीप मारलीत, इस्त्री फिरवलीत, आणि हुक लागले. त्या दोघी हसत गेल्या. त्यानंतर तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही म्हणालात, कळलं नाही तर विचारायचं, उगाच हुशारी करून लिहायचं नाही. तेवढं बोलणंही मला फार लागलं. मग मी तोंड वर करून विचारलं की शालूचं एवढं महाग कापड तुम्ही आत का लपवता, बाहेरून तर दिसतही नाही. तुम्ही दुसऱ्या एका ब्लाउजची शिवण उलटी करून दाखवलीत. "ह्याला माया म्हणतात, बाय. माप आज घेतलेलं असतं, माणूस उद्या वाढतो. माया नाही ठेवली तर मग कापड फाटतं." आणि परत पायाखालचं मशीन चालू केलंत.

त्या सकाळी ओट्यापाशी मला कळलं की मी माझ्या पोरीचं वर्ष अगदी मापात कापलं होतं, आत सूतभरही काही ठेवलं नव्हतं. तिला मी तुमची ही गोष्ट सांगितली, तेव्हाच, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, म्हणजे चूक तू केली होतीस? मी म्हटलं, तेव्हाही आणि आत्ताही. फॉर्म दिला नाही. फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की या वर्षी ती बसणार नाही, पुढच्या वर्षी बसेल. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. त्यानं अटीची आठवण करून दिली, आणि सरळ म्हणाला, "अगं, वर्ष वाया घालवतेयस तू तिचं." मी म्हटलं, "वाया नाही, माया ठेवतेय." त्याला काहीच कळलं नाही. मग मी कपाटातून माझाच एक जुना ब्लाउज काढला आणि त्याची शिवण उलटी करून त्या बँकेतल्या माणसाच्या हातात दिली. तो बराच वेळ ते कापड बोटांनी चाचपत होता. शेवटी म्हणाला, एकच वर्ष, आणि तेही तू तिच्या मागे लागणार नसशील तर. ही अट मात्र मला फार जड गेली.

ते वर्ष कसं गेलं म्हणून सांगू. पहिले दोन महिने ती नुसती झोपली, भांडली, जाड जाड कादंबऱ्या वाचत राहिली आणि आठवड्यातून एकदा एकटी कल्याणला जाऊन वाचनालयाची पुस्तकं बदलून आणायला लागली. माझा जीव टांगणीला. तोंडावर हात ठेवून मी घरातून फिरायचे. मग एका शनिवारी नौपाड्यात मी चहा करायला आत गेले होते, बाहेर येऊन बघते तर ही जमिनीवर बसलेली, भोवती चार लहान मुलं, आणि मध्ये पोळी. अपूर्णांक शिकवत होती. तुकडा ओळखला की लगेच खाऊन टाकायचा, असा तिनं नियम केला होता. माझ्या पद्धतीत खायला मिळायचं ते सगळ्यात शेवटी. पोरं तीन पोळ्या संपवून चौथी मागत होती. पुढच्या ऑगस्टमध्ये तिनं स्वतःहून बीजगणिताचं पुस्तक काढलं. स्वतःचं वेळापत्रक केलं, त्यात बुधवार कोरा ठेवला, आणि फॉर्मही स्वतः रांगेत उभं राहून दिला. परीक्षेच्या सकाळी पोळी-भाजी खाऊन गेली. पोटाचं नाव नाही. काल निकाल लागला. गणितात एकोणऐंशी! तिच्या बापानं निकालाचं पान तीनदा बघितलं, आणि मग पेढे आणायला खाली गेला. येताना दोन पुडे जास्तच आणले.

आणि आता तुमचा तो शब्द कुठे पोचलाय ते ऐका. त्या वर्षी मी गटात सांगितलं की आम्ही थांबतोय, माया ठेवतोय. आधी सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. मग तो शब्द असा पसरला की विचारू नका. आता नवीन कुणी आलं आणि त्यांनी आपलं भरगच्च वेळापत्रक दाखवलं की सगळे एका सुरात विचारतात, माया कुठे आहे यात? इंजिनिअर विचारतात, डॉक्टर विचारतात, कंपन्यांमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं विचारतात. एका बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा शब्द, अण्णा, आणि ठाण्या-डोंबिवलीतल्या चाळीस घरांत त्यावर मुलांचे दिवस आखले जातात. माझा ऊर अभिमानानं भरून येतो.

हे पत्र टपालात पडायचं नाही, आणि मी ते कुणाला वाचूनही दाखवणार नाही. कारण एक गोष्ट उरली आहे. आज सकाळी गटानं तिच्यासाठी छोटा कार्यक्रम ठेवला होता. पहिल्यांदाच आलेल्या एका गृहस्थांनी वही उघडून मला विचारलं की ही मायेची कल्पना मला कुठे मिळाली. त्याआधी बराच वेळ कुणाचे वडील प्राध्यापक होते, कुणाचे आजोबा न्यायाधीश होते, असं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, वाचलं होतं कुठंतरी. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. तुमची नात समोर बसली होती. स्टेशनकडे चालत येताना तिनं माझा हात धरला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "आई, आजोबांनी पुस्तक लिहिलं होतं का?" त्या सगळ्यांसमोर मला तुमची लाज वाटली, अण्णा. एवढं सगळं जिंकून झाल्यावरही वाटली.