खडकावरचे नऊ शंख

॥ श्री ॥
मुलींचे वसतिगृह, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. धर्माजीकाका यांस,
संजनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि काकी मधे पडून निम्मं स्वतःचंच सांगते. चाळीस वर्षं होडीच्या इंजिनाशेजारी बसलात, त्याची शिक्षा आता मला, पत्र लिहायची.

काम असं आहे. घोडबंदरच्या किल्ल्याखालच्या खडकावर काळे शंख असतात ना, कालवांना भोक पाडून खाणारे, ते मला वीस हवेत. कालवंही पाचसहा. लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या प्रबंधाचा विषयच तो आहे: बंदरांजवळच्या शंखांच्या माद्यांना नराचं अंग फुटतं. मोठ्या जहाजांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी एक रंग लावत, त्यात कथलाचं विष असे. आपल्या अंगात संप्रेरकं असतात, ती शरीरातले निरोपे. हे विष त्यांना चुकीचे निरोप द्यायला लावतं. समुद्रात चिमूटभर पुरतं. तो रंग जगभर बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण गाळातून जात नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना तुलनेसाठी एक स्वच्छ जागा हवी होती. मी ऐटीत म्हटलं, आमची खाडी घ्या. आमच्या लहान होड्यांना जहाजाचा रंग कोण लावतो? तेव्हा आपल्या गावाची लाज तुमच्या हाती.

आईला सांगून पाहिलं. ती मीरा रोडच्या हाटकेशहून घोडबंदरला यायलाच तयार नाही, आणि खडकाचं नाव काढलं की विषय बदलते. काकीला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
संजना


घोडबंदर
२ फेब्रुवारी २०२५

चि. संजनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काकीने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मीच वाचलं, म्हणजे दोनदा कळलं. शंख रत्नागिरीला निघालेल्या आपल्या आळीतल्या जितेशबरोबर ओल्या गोणपाटात पाठवतो आहे. उधाणाच्या तीन ओहोट्यांना गुडघाभर चिखलात फिरलो तेव्हा नऊ मिळाले. पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. कालवं पाच आहेत, टरफलं जड लागतील, आत फारसं काही नाही. हल्ली अशीच येतात.

तुझ्या आईला त्रास देऊ नकोस. ती खडकावर गेली नाही त्याला आता चौदा वर्षं होतील. तिकडे कारखान्यात बाटल्यांची झाकणं खोक्यांत भरायचं काम कायमचं आहे आणि तुझी शाळाही तिकडून जवळ होती, म्हणून ती गेली. हे तुला मी मागेच सांगितलं आहे.

एक विचारायचं होतं. तो जहाजाचा रंग कसा दिसायचा? लाल असायचा का? सहज विचारतो.

तब्येतीला जप. रत्नागिरीत चांगले मासे मिळतात म्हणून आपली खाडी विसरू नकोस. लोभ असावा.

तुझा,
धर्माजीकाका


रत्नागिरी
२० एप्रिल २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आले, आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. नवांपैकी सात माद्या. सातही जणींना नराचं अंग. दोघींची वाटच बंद झालेली, अंडी बाहेर पडेनात, आतच सडली होती. असा शंख एक दिवस मरतो आणि मागे पिल्लू ठेवत नाही. तुम्हाला नऊच का मिळाले, ते कळलं.

कालवं फोडली तर टरफल दोन बोटं जाड, आत पापडासारखे पदर आणि मांस नखाएवढं. हेही त्याच रंगाचं काम. मॅडमनी विचारलं, हीच का तुझी स्वच्छ खाडी? सगळ्यांसमोर विचारलं. मी मान खाली घालून उभी राहिले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, हो, बहुतेक लालच असायचा. तुम्ही का विचारलंत?

एक विचित्र गोष्ट. हे आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं की टरफलं जाड होतात ती रंगानेच ना, कुणाचा हात लागल्याने तर न्हाय? मी हसले. तिने तेच पुन्हा विचारलं, माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि फोन ठेवला. काका, हे काय आहे? तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
संजना


घोडबंदर
४ मे २०२५

चि. संजनास,
अनेक आशीर्वाद.

रंग मी आणला.

तू चार वर्षांची होतीस. भंगार बाजारात मोडीत निघालेल्या जहाजाचं सामान विकायला होतं, त्यात लाल रंगाची आठ पिंपं. विकणारा म्हणाला, हा लावला की तळाला काही चिकटत नाही. मी खाडीवर आणली. खरंच काही चिकटलं नाही. दर पावसाळ्याआधी होड्या काठावर ओढून तळ खरवडायचो, ते सगळं चिखलात पडायचं, आणि वर नवा हात द्यायचो. थिनर घालून, साध्या रंगात मिसळून पुरवला. गावात त्याला धर्माजीचा रंग म्हणत. नारळी पुनवेला मला शाल आणि नारळ दिला, ती शाल तुझ्या काकीने कपाटात जपून ठेवली आहे. शेवटचं पिंप अजून अर्धं आहे, जाळ्यांखाली. गेल्या वर्षीही मी त्यातला काढला.

पिंपावर पाटी होती, इंग्रजीत, कवटीच्या चित्रासकट. मला वाटलं, रंग पिऊ नये म्हणून असेल. कुणाला वाचायला द्यावी असं मनात आलं नाही, कारण मग शहाणपण माझं राहिलं नसतं.

तू लोकांत मान खाली घातलीस ती माझ्यामुळे. मला क्षमा कर असंही लिहवत नाही.

धर्माजीकाका


रत्नागिरी
११ मे २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, पण रागाने नव्हे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मोठमोठ्या बंदरांतल्या शिकलेल्या लोकांनी हेच केलं. नकळत झालेल्या चुकीला देवही बोल लावत नाही, हे मला लहानपणी तुम्हीच सांगितलंत, मी काकीची बरणी फोडली तेव्हा. माझ्या मनात तुमची जागा होती तीच आहे. बाबा गेल्यावर आम्हाला तुम्हीच होतात.

पिंप खाडीत ओतू नका, जाळू नका, पुरू नका. मॅडम योग्य माणसं पाठवतील. यंदा होड्या ओढाल तेव्हा खरवड ताडपत्रीवर धरा.

आईच्या प्रश्नाचं मात्र तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तिला विचारलं तर म्हणते, काकांना विचार.

काकीला सांगा, शाल असू दे. थंडीत उपयोगी पडते.

तुमची लाडकी,
संजना


घोडबंदर
८ जून २०२५

चि. संजनास,

तुझं पत्र महिनाभर सदऱ्याच्या खिशात आहे. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू माफ केलंस ते अर्ध्याच गोष्टीला.

आपल्या आळीत रीत आहे. नारळी पुनवेनंतर पहिली टोपली कालवं सवाशिणीने काढायची, खडकाची ओटी भरून. तुझा बाप लीलाधर गेला त्या वर्षी तुझी आई पुनवेच्या चार दिवस आधीच एकटी गेली, कारण घरात तू उपाशी होतीस. पुढे कालवं हलकी निघू लागली. खरं तर आधीपासूनच निघत होती, माझ्या रंगाला पाच वर्षं झाली होती. पण बाया कारण विचारू लागल्या, आणि वडीलधारा म्हणून माझ्याकडे बघू लागल्या. ओढलेल्या होड्यांपाशी, सगळ्यांसमोर मी म्हणालो की दुर्गाचा हात लागला म्हणून खडक रुसला. तिने कालवं फोडायची कोयती माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि तुला घेऊन हाटकेशला गेली. शाळा जवळ, काम कायमचं, ते सगळं मी तुला सांगितलेलं खोटं.

गेल्या महिन्यात तीनदा मीरा रोडपर्यंत गेलो आणि रिक्षाच्या रांगेतून परत आलो. चौथ्यांदा तिचं दार वाजवलं. सगळं ऐकून ती म्हणाली की भाऊजी, हे इथं नको, बोललात तिथंच बोला.

परवा होड्या ओढल्या. ती कामावरून रजा घेऊन आली. मी पिंप मधे ठेवलं, त्यावर शाल ठेवली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, रंगाची आणि तिची. तुझी काकी रडू लागली. एक म्हातारी म्हणाली की जाऊ दे, झालं ते झालं. तुझी आई तिला म्हणाली की झालं न्हाय, अजून चालूच हाय.

तिची कोयती मी टाकली नव्हती, दरवर्षी तेल लावत होतो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती घेऊन ती ओहोटीला खडकावर गेली, एक कालव फोडलं, नखाएवढं मांस बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली की चौदा वर्षं झाकणं भरताना मी माझे हात बघत होते, यांच्यात काय हाय म्हणून.

परत जाताना तिने एकच सांगितलं. गावाला कळलं, आता पोरीला कळायचं राहिलंय, आणि ते माझ्या तोंडून नको, तुमच्या हाताने लिहा. म्हणून हे पत्र.

शंख परत यायला किती वर्षं लागतील ते मॅडमना विचारून आईला कळव. तिने विचारलंय. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

एरवी पत्रात आशीर्वाद आणि लोभ लिहितो. या वेळी एक द्यायची माझी लायकी नाही आणि दुसरा मागायचा हक्क नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

धर्माजी